शिलाई मशीन पुरे झाल्या, आता गाडीची किल्ली द्या

आपल्याकडे बाईला मदत करायची म्हटलं की सगळ्यात आधी काय सुचतं, तर शिलाई मशीन. नगरसेवकाचा वाढदिवस असो, महिला दिन असो, नाहीतर कुठल्या क्लबचा पदग्रहण समारंभ, मांडव घालायचा, मशीनी ओळीनं मांडायच्या, त्यांना झेंडूचे हार घालायचे आणि फोटो काढायचे. मशीन नसेल तर पापड, मेहंदी, पार्लरचा कोर्स. मी या कशालाच नावं ठेवत नाहीये, माझ्या सख्ख्या मावशीनं ब्लाउज शिवून दोन्ही पोरं इंजिनियर केली. पण या सगळ्या मदतीत बाई बसते कुठं, तर घरातच. आणि जी बाई आपला मुलूख सोडून, घरदार सोडून परक्या गावात येऊन पडलीये, जिला इथले रस्ते माहीत नाहीत, भाषा धड येत नाही, माणसं ओळखीची नाहीत, तिला आपण त्याच मशीनवर बसवून अजूनच कोपऱ्यात ढकलतो आणि वर म्हणतो की बघा, स्वावलंबी केली.

माझं म्हणणं असं की निर्वासित बायकांना गाडी शिकवणं हे मदतकार्यच आहे, चैन नाही, आणि त्यातली क्लासची फी भरणं हा सगळ्यात सोपा भाग आहे. अवघड आहे ते आपली गाडी काढून, आपला वेळ काढून त्यांच्या शेजारी बसणं. तेच कोणी करत नाही.

लगेच कोणीतरी म्हणणार, पुण्यात कुठले आलेत निर्वासित. अहो पिंपरी कॅम्पला कॅम्प का म्हणतात? फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या लोकांची छावणी होती ती, आज शगुन चौकात कपडे घ्यायला जाताना आपल्याला आठवतही नाही. आणि ते येणं १९४७-४८ला संपलं असंही नाही, पाकिस्तानातून सिंधी हिंदू कुटुंबं नंतरही येत राहिली, दीर्घ मुदतीच्या व्हिसावर राहतात, नागरिकत्वाची वाट बघत. २०१६च्या डिसेंबरमध्ये केंद्रानं असे नागरिकत्वाचे अर्ज निकाली काढायचे अधिकार मोजक्या जिल्ह्यांच्या कलेक्टरांना दिले त्यात पुणे होतं, ते उगाच नाही. दुसरीकडे आपल्या विद्यापीठात आणि कॉलेजांत शिकायला आलेल्या अफगाण मुली, येमेनच्या, सुदानच्या. ऑगस्ट २०२१मध्ये काबूल तालिबानच्या हातात गेलं, एप्रिल २०२३मध्ये सुदानात लढाई पेटली, आणि विद्यार्थी म्हणून आलेल्या या मुलींना परत जायला जागाच उरली नाही. कागदावर त्या निर्वासित नाहीत, स्टुडंट व्हिसावरच्या आहेत. पण परतीचं तिकीट काढता येत नाही त्या माणसाला दुसरं काय म्हणायचं ते तुम्हीच सांगा.

यातल्या अफगाण मुलींचं तर बघायलाच नको. २०२१च्या डिसेंबरमध्ये तिथं फर्मान निघालं की बाईला ७२ किलोमीटरच्या पुढं प्रवास करायचा तर जवळचा पुरुष नातेवाईक सोबत पाहिजे, नाहीतर गाडीवाल्यानं तिला बसवूच नये. ७२ किलोमीटर म्हणजे स्वारगेटवरून निघालात तर वाईच्याही अलीकडे संपलं. मग मे २०२२मध्ये हेरातमधून बातमी आली, ड्रायव्हिंग स्कूलवाल्यांना तोंडी सांगून टाकलंय की बायकांना लायसन्स देणं बंद. हेरात, जिथं बायका गाडी चालवताना दिसणं नवीन नव्हतं. तिथल्या मुलीला पुण्यात येऊनही डबल सीटच बसायला लावायचं असेल तर कठीण आहे.

बरं, गाडी नसणं म्हणजे काय हे पुणेकराला वेगळं समजवायची गरज नाही. निम्म्या शहरात घरटी एक लेक नाहीतर सून अमेरिकेत आहे. न्यू जर्सीला, टेक्सासला सहा महिने राहून आलेल्या कुठल्याही आईला विचारा, पहिलं वाक्य हेच की घर छान, बाग छान, पण बाई कुठं जाता येत नाही, दूध आणायचं तरी कोणी न्यायला पाहिजे. नवऱ्याच्या नोकरीमुळं बायकोला मिळतो त्या एच-फोर व्हिसावर गेलेल्या आपल्या मुलींनी पहिल्या हिवाळ्यात जे सोसलंय ते त्याच जाणे. पण त्यांचं सुटतं, कारण नवरा रविवारी मॉलच्या रिकाम्या पार्किंगमध्ये घेऊन जातो, नाहीतर महाराष्ट्र मंडळातली कोणी ताई शेजारी बसते. त्याच अमेरिकेत काँगो, सीरिया, ब्रह्मदेशातून आलेल्या निर्वासित बायका असतात, बस नसलेल्या गावात, आणि त्यांना काही महिन्यांत स्वतःच्या पायावर उभं राहा म्हणून सांगितलेलं असतं. हिंमत त्यांच्याकडे आपल्या मुलींपेक्षा कमी नाही, जास्तच असेल, युद्धातून पोरं घेऊन बाहेर पडलेल्या बायका आहेत त्या. कमी आहे ते फक्त शेजारी बसणारं माणूस.

आठवून बघा आपण सगळ्या कशा शिकलो. सत्तर-ऐंशीच्या दशकात लुना आली, मग कायनेटिक होंडा, आणि या शहरातल्या बायका ऑफिसला, मंडईला, शाळेत पोरं सोडायला सुसाट निघाल्या. कौतुक आपण बायकांच्या धडाडीचं करतो, ते आहेच. पण ती लुना कोणाची होती? वडिलांची, भावाची, शेजारच्या काकूंची. मागून कॅरियर धरून पळणारं कोणीतरी होतं. एसपी कॉलेजच्या मागच्या रस्त्यावर, वाड्याच्या बोळात, पहाटे ग्राउंडवर. गाडी आपटली, आरसा फुटला, तर घरातल्या घरात मिटलं. ही जी फुकटची सोय होती ना, वेळेची, गाडीची, चूक पोटात घालणाऱ्या माणसांची, ती निर्वासित बाईकडे नसते, कारण निर्वासित होणं म्हणजे नेमकं हेच गमावणं.

आणि म्हणून नुसती क्लासची फी भरून भागत नाही. आपल्याकडची मोटर ड्रायव्हिंग स्कूल कशी चालते सगळ्यांना माहितीये. गाडीला सरांच्या बाजूलाही क्लच-ब्रेक, तेच दाबतात, आपण स्टिअरिंग धरून बसायचं आणि अर्धा तास झाला की उतरायचं. कोर्स संपतो, ट्रायल होते, लायसन्स घरी येतं आणि बाई गाडी चालवत नाही. माझ्या ओळखीत अशी लायसन्सं कपाटात ठेवलेल्या बायका किती तरी आहेत, नवऱ्याची गाडी दारात उभी असून. मग जिच्या दारात गाडीच नाही तिला सर्टिफिकेट देऊन आपण नक्की काय दिलं?

ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्समध्ये २५ वर्षांखालच्या शिकाऊ माणसाला १२० तास गाडी चालवल्याची नोंद वहीत दाखवावी लागते, त्यातले २० तास रात्रीचे, आणि शेजारी पक्कं लायसन्सवालं माणूस पाहिजे. आईबाप असतील तर प्रश्न नाही. ज्यांचे आईबाप गाडीच चालवत नाहीत, किंवा मागेच राहिलेत, त्यांनी काय करायचं? तर शेजारच्या व्हिक्टोरिया राज्यात, तिथंही असाच नियम, एल-टू-पी म्हणून सरकारी कार्यक्रमच आहे, १६ ते २१ वयाच्या ज्या पोरांना गाडी किंवा शिकवणारं कोणी मिळत नाही त्यांना गाडीही देतात आणि शेजारी बसायला स्वयंसेवकही. म्हणजे सरकारनं मान्य केलं की लायसन्स ही नुसती परीक्षा नाहीये, तिच्यामागे कोणाचे तरी शंभर तास उभे असतात. मला तरी हे फार शहाणपणाचं वाटतं.

मी काही जणींबरोबर पिंपरीच्या बाजूला रविवारी सकाळी एका मैदानावर जाते, तिथं सिंधमधून आलेली एक बाई अ‍ॅक्टिव्हा शिकतेय. पहिल्यांदा आली तेव्हा आम्ही गाडीला हातच लावू दिला नाही, आधी ओढणी. दोन्ही टोकं मागे नेऊन कमरेला गच्च गाठ, चाकात गेली तर गळ्याला फास बसतो. मग गाडी स्टँडवर लावणं आणि काढणं, हेच किती वेळ, कारण पडलेली गाडी स्वतः उचलता आली की अर्धी भीती तिथंच जाते. चालवायला लागली तर दोन्ही पाय जमिनीला घासत, चपलेचा आवाज करत, आणि अ‍ॅक्सिलरेटर पिळला की घाबरून अजून पिळायचा. सासू कट्ट्यावर नातवाला घेऊन बसलेली, दर चक्कर झाली की सिंधीत काहीतरी ओरडायची. मला वाटलं रागावतेय. तर ती म्हणत होती, पाय वर घे, पाय वर घे! त्या माऊलीनं आयुष्यात सायकलही चालवली नसणार, पण सूनबाईनं पाय वर घेतले ते तिच्या ओरडण्यानं, आमच्या शिकवण्यानं नाही.

गाडी जमली, अडलं कुठं, तर लर्निंग लायसन्सच्या परीक्षेत. ती हिंदी फर्डी बोलते, टीव्ही बघून बघून मराठीही बरीच कळते, पण तिचं शिक्षण झालंय सिंधी आणि उर्दूत, उजवीकडून डावीकडे. स्क्रीनवर प्रश्न येतात मराठी, हिंदी, इंग्रजीत आणि एकेका प्रश्नाला ठरावीक सेकंद. देवनागरी लावून लावून वाचेपर्यंत पुढचा प्रश्न येतो. चिन्हं सगळी पाठ, ‘पुढे अरुंद पूल’ झोपेत सांगेल, पण वाक्य वाचून होत नाही. अफगाण मुलींचंही तेच, हिंदी कानाला सवयीची, डोळ्याला नाही. म्हणजे गाडी शिकवायला गेलेल्या माणसाला बाराखडी शिकवायची तयारी ठेवावी लागते.

जर्मनीनं हा प्रश्न सरळ सोडवला. २०१५ला तिथं सीरियाचे लोंढे आले, आणि ऑक्टोबर २०१६पासून लायसन्सची थिअरी परीक्षा अरबीतही देता यायला लागली. ब्रिटननं बरोब्बर उलटं केलं, एप्रिल २०१४पासून इंग्रजी आणि वेल्श सोडून बाकी सगळ्या भाषा बंद. त्यांचं म्हणणं रस्त्यावरच्या पाट्या इंग्रजीत आहेत तर भाषा आली पाहिजे. मुद्दा अगदीच टाकाऊ नाही. पण पाटी वाचता येणं वेगळं आणि तीस-चाळीस शब्दांचा आडवळणी प्रश्न घड्याळ लावून सोडवणं वेगळं. मला विचाराल तर आपल्याकडे निदान प्रश्न मोठ्यानं वाचून दाखवण्याची सोय प्रत्येक खिडकीला असावी, त्याचा फायदा आपल्या अर्धशिक्षित रिक्षावाल्यांनाही होईल आणि गावाकडून आलेल्या मावश्यांनाही.

कागदांचं काय, तर ते बघायलाच हवं, कारण तिथं सगळ्यांची गोष्ट एकसारखी नाही. भारतानं १९५१च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही, निर्वासितांसाठी वेगळा कायदाही नाही, त्यामुळं कोण कुठून आलं आणि कोणत्या कागदावर आलं यावर सगळं ठरतं. पाकिस्तान, अफगाणिस्तान, बांगलादेशातून आलेल्या हिंदू, शीख वगैरे अल्पसंख्याकांना, दीर्घ मुदतीचा व्हिसा असेल तर, जुलै २०१६मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं सवलतींची यादीच मंजूर केली, त्यात बँक खातं, राहायला घर, पॅन, आधार आणि चक्क ड्रायव्हिंग लायसन्सही होतं. म्हणजे दिल्लीत बसलेल्या कोणाला तरी हे कळलं होतं की परक्या गावात पाय रोवायचे तर बँकेइतकंच लायसन्स लागतं. छान केलं. पण मग ज्यांच्या हातात फक्त संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेचं कार्ड आहे, अशा ब्रह्मदेशातून आलेल्या रोहिंग्या आणि चिन जमातीच्या, शिवाय अफगाण मुसलमान बायका दिल्लीत आणि इतर शहरांत आहेत, त्यांना हे दार का बंद? सर्वोच्च न्यायालयानं १९९६लाच चकमा निर्वासितांच्या खटल्यात सांगून ठेवलंय की जगण्याचं संरक्षण नागरिकाला आणि परक्यालाही सारखंच. नागरिकत्व द्यायचं की नाही यावर भांडा खुशाल, लायसन्स म्हणजे नागरिकत्व नव्हे, या माणसाला ब्रेक कुठं असतो ते माहितीये एवढंच त्याचा अर्थ.

‘यांच्या हातात गाड्या दिल्या तर अपघात वाढतील’ असं म्हणणारे असतातच. कॅलिफोर्नियात २०१५पासून कागदपत्रं नसलेल्या स्थलांतरितांनाही लायसन्स द्यायला सुरुवात झाली तेव्हा हेच बोललं गेलं. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०१७मध्ये आकडे तपासून दाखवलं, अपघात वाढले नाहीत, उलट ठोकर मारून पळून जाण्याच्या घटना ७ ते १० टक्क्यांनी कमी झाल्या. सरळ आहे की, लायसन्स असलेला माणूस थांबतो, नसलेला पळतो. आपल्या चौकात मामा दिसले की यू-टर्न मारणारे कोण असतात ते बघा, परदेशी नसतात ते.

मग येतो नेहमीचा प्रश्न, आपल्याच बायका काय कमी गरजू आहेत? नाहीत ना कमी. म्हणून तर मी म्हणते एकाच मैदानावर, एकाच बॅचमध्ये घ्या. धुणीभांडी करणारी, पोळ्या लाटायला जाणारी, सिंधमधून आलेली, काबूलची एमए करणारी. दिल्लीत आझाद फाउंडेशन २००८पासून गरीब घरातल्या बायकांना व्यावसायिक ड्रायव्हर बनवतंय आणि त्यांच्या प्रशिक्षणात गाडीबरोबर कायदा, स्वसंरक्षण, बोलणं-चालणं हे सगळं येतं, काही महिने जातात त्यात, कारण नुसतं स्टिअरिंग फिरवता येऊन बाई रस्त्यावर टिकत नाही. आणि आपल्या पुण्याचंच उदाहरण घ्या. शीला डावरे परभणीहून एकट्या इथं आल्या, खिशात बारा रुपये, आणि १९८८मध्ये रिक्षा चालवायला लागल्या, देशातली पहिली महिला रिक्षाचालक म्हणून लिम्का बुकात नोंद आहे. त्यांची अडचण रिक्षा चालवता न येणं ही नव्हतीच, बाईला भाड्यानं रिक्षा द्यायला कोणी तयार नव्हतं ही होती. इतकी वर्षं गेली, अडचण तीच आहे, गाडी कोण देणार.

सरकारनं २०२४मध्ये पिंक ई-रिक्षा योजना आणली, २० टक्के सरकार, १० टक्के स्वतः, बाकी ७० टक्के बँकेचं कर्ज. कल्पना चांगली, पण महाराष्ट्राची रहिवासी असल्याचा दाखला लागतो, तो निर्वासित बाई कुठून आणणार. आणि स्टुडंट व्हिसावरच्या मुलीला तर नोकरी-धंदाच करता येत नाही, तिच्यासाठी गाडी म्हणजे कमाई नव्हे, रात्री लायब्ररीतून रूमवर स्वतःच्या स्वतः येणं आहे. तेही कमी नाही.

‘बस सुधारा, गाड्या कशाला वाढवता’ या मुद्द्याशी खरं सांगायचं तर माझं भांडणच नाही. पीएमपी वेळेवर यायला लागली तर मीच पहिली पास काढीन. पण बाईचा दिवस घर ते ऑफिस असा एका रेषेत नसतो, पोराला शाळेत सोड, तिथून दवाखाना, येताना भाजी, पुन्हा शाळा, यात चार बस आणि चार वेळा ताटकळणं. काही जण म्हणतात मग ताशी २५ किलोमीटरच्या आत पळणारी ती छोटी ई-स्कूटर द्या, तिला लायसन्सच लागत नाही. हो, जवळपासच्या कामाला उत्तम. पण त्या स्कूटरनं तिच्या पर्समध्ये स्वतःच्या फोटोचं सरकारी कार्ड येत नाही, आणि ज्या बाईला दर खिडकीवर आपण कोण हे नव्यानं सिद्ध करावं लागतं तिला त्या कार्डाची किंमत आपल्यापेक्षा जास्त कळते.

राहिला नवऱ्यांचा प्रश्न. काहींना नाही आवडत, खोटं कशाला बोलू. काही बायकांना स्वतःलाच नको असतं, मोठा आवाज झाला, मागून कर्कश हॉर्न वाजला की अंग थरथरतं, कारण त्यांनी जे आवाज ऐकलेत ते आपण ऐकलेले नाहीत. अशा बाईला ओरडून शिकवणारा मास्तर उपयोगाचा नाही, शक्यतो बाईच पाहिजे आणि घाई नको. पण नवऱ्याला आवडत नाही म्हणून विषय सोडायचा असता तर पुण्यात काहीच झालं नसतं. रमाबाई रानड्यांनी १९०९मध्ये इथं सेवासदन सुरू केलं आणि तिथून विधवा बायका ससून हॉस्पिटलमध्ये नर्सिंग शिकायला जायला लागल्या, तेव्हा बाईनं परक्या पुरुषाची शुश्रूषा करायची म्हणजे केवढा गहजब झाला असेल. तेव्हाही त्यांना घरात बसून विणकाम देता आलंच असतं की.

तर मागणं फार नाहीये. पुण्यात सोसायटी-सोसायटीच्या पार्किंगमध्ये पोरं बंगळुरूला नाहीतर जर्मनीला गेल्यामुळं कव्हर घालून धूळ खात उभ्या असलेल्या अ‍ॅक्टिव्हा, ज्युपिटर किती आहेत ते जाऊन बघा. आठवड्यातून एक सकाळ ती गाडी आणि तिच्याबरोबर तुम्ही. रिटायर झालेल्या बायकांनी तर हे काम हातात घ्यावंच, पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये तीस वर्षं काढलेला माणूस कुठल्याही मास्तरपेक्षा भारी. फक्त नियमात राहून करा, रस्त्यावर काढायची तर तिच्याकडे लर्निंग हवंच, पुढं-मागं लाल एल, मागच्या सीटवर बसणाऱ्याकडे पक्कं लायसन्स, हेल्मेट दोघींनाही. दुसरं कोणी ट्रिपल सीट नाही, पोरगं तर नाहीच, ते सासूकडे कट्ट्यावर. आणि गाडी देण्याआधी इन्शुरन्सची तारीख बघा, उभ्या गाडीचा तो हमखास संपलेला असतो, पीयूसी काढा, बॅटरी चार्ज करून घ्या, मागचा ब्रेक तपासा, शिकणारी बाई घाबरली की सगळ्यात आधी तोच दाबते.